तीनशेचा फेब्रुवारी

आमच्या आणि शेजारच्या सोसायटीच्या मधली भिंत एकच आहे, पण ती माझ्या खांद्याला लागते आणि पलीकडच्या वहिनींच्या कमरेला. २०१८च्या जुलैत वसईत पाणी भरलं, त्यानंतर त्यांच्या सोसायटीने कंपाउंडात चांगला दोन फूट भराव टाकून घेतला. आमच्या कमिटीचं कोटेशन मागवणं अजून चालू आहे. त्यामुळे गप्पांच्या वेळी वहिनी भिंतीवर कोपर टेकून आरामात उभ्या, आणि मी उलट्या घातलेल्या बादलीवर. एव्हरशाईन सिटीत मला सव्वीस वर्षं झाली. स्टेशनवरची शेअर रिक्षाची रांग तीच, विरार लोकलची गर्दी तीच, बादल्या तेवढ्या बदलल्या.

मार्चचा पहिला आठवडा. वहिनींनी भिंतीवर प्लॅस्टिक अंथरून पोह्याचे पापड वाळत घातले होते, चार कोपऱ्यांना चार विटा. मला बादलीवर चढताना पाहिलं आणि त्यांनी हातातला पापड खाली ठेवला. म्हणजे बातमी मोठी होती.

"ताई, झालं बाई एकदाचं. इंडेक्स टू हातात आला."

त्यांच्या धाकट्याने वसंत नगरीच्या बाजूला वन बीएचके घेतला. जुनाच, पण लिफ्टचा. ४२ लाख. एवढं मला आधीच माहीत होतं, बाकीचं काढून घ्यायचं होतं.

"कुणाच्या नावावर?"

वहिनींनी एक पापड उलटला. "सुनेच्या."

"एकटीच्या?"

"एकटीच्या. बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांकात एक टक्का सूट आहे म्हणे. बेचाळीस हजार वाचले." तोच पापड त्यांनी पुन्हा उलटला. तो अजून ओला होता. "मला काय करायचंय? त्यांचं घर, त्यांचे हप्ते."

"बरंच झालं की. आधी तर बाईने घेतलेलं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती. २०२३ला काढली."

"काढली?" वहिनींचे डोळे मोठे झाले. "म्हणजे आता ती उद्या उठून कुणालाही विकू शकते?"

आता विषय बदलणं भाग होतं. मी विचारलं, नोंदणीला किती लागले.

"तीस हजार. एजंट म्हणाला, काकी, घर कितीही महाग असू दे, नोंदणी फी तीस हजारांच्या वर जातच नाही. टक्क्याने धरली असती तर बेचाळीस झाले असते. तिथेही बारा हजार वाचले बघा." आणि पहिल्यांदाच त्या मनापासून हसल्या.

माझं मेलं तोंड. पस्तीस वर्षं एका शाळेच्या ऑफिसात पगारपत्रकं लिहिली, त्यामुळे कुणी आकडा बोललं की माझ्या डोक्यात दुसरा रकाना आपोआप उघडतो. म्हटलं, "वहिनी, तुमचे बारा हजार वाचले ना? मलबार हिलवर त्याच नियमाने दहा कोटी वाचले."

"कुणाचे?"

"डीमार्टवाल्यांचे. राधाकिशन दमानी आणि त्यांच्या भावाचे. ३१ मार्च २०२१ला त्यांनी मधुकुंज नावाचा बंगला घेतला, १,००१ कोटींना. सगळ्या पेपरांत आलं होतं. एक टक्का नोंदणी धरा, दहा कोटी एक लाख होतात. आणि नियमाने फी किती? तुमच्या सुनेला लागली तेवढीच. तीस हजार."

वहिनी गप्प झाल्या. दर महिन्याला डीमार्टची पिशवी भरून आणणारी बाई ती. जरा वेळाने म्हणाल्या, "म्हणजे आमच्या धाकट्याने आणि त्यांनी सारखेच पैसे भरले?" त्यात तक्रार होती की अभिमान, मला कळलं नाही.

"ताई, अर्धवट सांगू नका!" वरून आवाज आला.

आमच्या पहिल्या मजल्यावरचे काका. फोर्टातल्या एका सीएच्या ऑफिसात त्यांची चाळीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यापासून ते ग्रिलमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि खालच्या गप्पांचं ऑडिट करतात.

"त्याच व्यवहारावर त्यांनी मुद्रांक शुल्क भरलं ते सांगा की. तीस कोटी! आहे का तेवढं इथे कुणाच्या सात पिढ्यांत?"

"भरलं ना," मी म्हटलं. "पण तेही तीन टक्क्यांनी. एरवी मुंबईत तेव्हा पाच टक्के होतं. कोविडमध्ये सरकारने आधी दोन केलं, मग जानेवारी ते मार्च २०२१ तीन. त्यांची नोंदणी झाली ती सवलतीच्या शेवटच्या दिवशी. पन्नासचे तीस झाले."

"सवलत सगळ्यांना होती. वसईतही लोकांनी तेव्हाच घरं घेतली."

हे खरं आहे. आमच्याच सी विंगमधल्या एकाने घेतलं आणि अजून सांगत फिरतो. आणि हेही खरं की दमानींनी नियमाबाहेर काही केलं नाही. माझं भांडण माणसाशी नाहीच. माझं भांडण त्या तीस हजारांच्या छपराशी आहे.

काका म्हणाले, "अहो, ती फी आहे, कर नव्हे. कागद नोंदवायची मेहनत. बंगला काय आणि वन बीएचके काय, अंगठे तेवढेच, फोटो तेवढेच, स्कॅनिंग तेवढंच."

"असं? मग पंधरा लाखांच्या घराला पंधरा हजार का? तिथे अर्धाच अंगठा लावतात?"

वहिनी खळखळून हसल्या. काका हसले नाहीत, पण खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

तेच तर सांगतेय मी. नालासोपाऱ्याच्या चाळीतल्या वीस लाखांच्या खोलीला एक टक्का. तीस लाखांच्या घराला एक टक्का. तिथपर्यंत टक्का इमानदारीत चढत येतो, आणि ३० लाखांवर कुणीतरी डोक्यावर स्लॅब टाकल्यासारखा थांबतो. आपल्याला वाटतं आपलेच बारा हजार वाचले. पण ते छप्पर आपल्या डोक्याच्या जेमतेम वर आहे. त्याच्या वर जो जितका उंच, त्याला तितकी सावली. आम्ही घराला छप्पर मिळावं म्हणून वीस वर्षं हप्ते भरतो, आणि त्यांच्या पैशाला छप्पर फुकट.

"ताई, तुम्ही शाळेत भाषणं पण लिहायच्या का हो?" वहिनींनी विचारलं.

तेवढ्यात आमचे वॉचमनदादा आले. जालन्याकडचे, पन्नाशीचे. बारा तासांची ड्युटी, एजन्सीकडून १४ हजार. त्यांच्या हातात पगाराची चिठ्ठी होती. सोसायटीत कुणालाही असला कागद आला की तो माझ्याकडेच येतो. पेन्शन मिळतं, पण सुटका मिळत नाही.

"ताई, हे तीनशे कशाचे कापले? मागच्या महिन्याला दोनशे होते. मी तर एक खाडा केला नाही."

मी चिठ्ठी पाहिली. पीटी. व्यवसाय कर. माझ्या आयुष्यातला सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द बहुतेक हाच असेल. अकरा महिने दोनशे-दोनशे, आणि फेब्रुवारीत तीनशे. बेरीज २,५००. महिना अठ्ठावीस दिवसांचा आणि कपात सगळ्यात मोठी. शाळेत दर वर्षी मार्चच्या सुरुवातीला एक तरी शिपाई हाच प्रश्न घेऊन यायचा. आणि एक तरी हेडमास्तर.

"दादा, हे सगळ्यांचे कापतात. तुमच्या एजन्सीच्या मालकाचेही."

"त्यांचे किती?"

"वर्षाला अडीच हजार."

"आणि माझे?"

"वर्षाला अडीच हजार."

दादांनी चिठ्ठी उलटी करून मागे काही लिहिलंय का पाहिलं.

आता हिशेब माझ्या डोक्यात नुसता वळवळत होता, म्हणून सांगते. १४ हजार पगारवाल्याचं वर्षाचं उत्पन्न १ लाख ६८ हजार. त्यातले अडीच हजार म्हणजे दीड टक्का. महिन्याला १४ लाख मिळवणाऱ्या माणसालाही अडीच हजारच, म्हणजे दीड टक्क्याचा शंभरावा भाग. दिवसांत मोजा. दादांची पाच दिवसांहून जास्त ड्युटी ह्या करात जाते. त्या १४ लाखवाल्याची, बारा तासांचा दिवस धरला तर, पाऊण तासाचीसुद्धा नाही. ह्याला जुन्या भाषेत डोईपट्टी म्हणतात. डोकं मोजायचं, खिसा नाही.

"पण का?" वहिनींनी विचारलं. पापड उलटायचे विसरल्या होत्या.

ह्याचं उत्तर थेट घटनेत आहे. कलम २७६. प्राप्तिकर केंद्राचा, म्हणून राज्यांना हा छोटा कर दिला आणि त्याला वर्षाची मर्यादा घातली. सुरुवातीला अडीचशे रुपये. तेव्हा अडीचशे ही चांगली भक्कम रक्कम होती, साध्या माणसाचा कर तिथवर पोचण्याचा प्रश्नच नव्हता. १९८८ला घटनादुरुस्ती करून ती अडीच हजार केली. ८८ साली आमच्या ह्यांचा महिन्याचा पगार अडीच हजार नव्हता, मला पक्कं आठवतं, कारण फ्रीज हप्त्यावर घेतला होता. त्यानंतर सदतीसहून जास्त वर्षं गेली, फ्रीज तीन झाले, पगार कुठल्या कुठे गेले. मर्यादा तिथेच. मग काय झालं? महाराष्ट्रात महिन्याला १० हजारांवर पगार गेला की माणूस थेट छपराला टेकतो. वॉचमनही तिथे, मॅनेजरही तिथे, कंपनीचा चेअरमनही तिथे. सगळे एका उंचीचे.

"म्हणजे हा करच वाईट," वहिनींनी निकाल दिला.

"नाही हो," मी म्हटलं. आणि इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण हा कर कशासाठी आला ते आता कुणी सांगत नाही.

माझं सासर तासगाव तालुक्यातलं. १९७२च्या दुष्काळाच्या गोष्टी सासूबाई सांगायच्या. अमेरिकेचा लाल मिलो, मुलांना सुकडी, आणि बाया-माणसं रस्त्याच्या कडेला खडी फोडत बसलेली. त्याच तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम द्यायची कल्पना त्यांची. ७२च्या दुष्काळात रोजगार हमी राज्यभर कामाला लागली. पण पैसे कुठून आणायचे? तर शहरातल्या पगारदारांकडून. १९७५चा व्यवसाय कराचा कायदा झाला तो ह्या कामासाठी. मुंबईच्या लोकलला लटकून जाणाऱ्या कारकुनाने पगारातले चार पैसे द्यायचे, आणि माण-खटावच्या, जालना-बीडच्या बाईच्या हातात त्याचा रोज पडायचा. पुढे २००५ साली दिल्लीने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा पुढ्यात नमुना महाराष्ट्राचाच होता. मी मस्टरवर पीटीचा रकाना भरताना कधी कुरकुरले नाही ती ह्याच कारणाने.

दादा ऐकत होते. म्हणाले, "माझी आई होती रोजगार हमीवर. पाझर तलावाला. मी बारका होतो, तिथेच झाडाला झोळी." मग चिठ्ठीकडे बघून, "म्हंजी तिचा रोज ह्यातून आला?"

"ह्यातूनच आला असणार."

"मग मी देतो की. मी नाही कुठं म्हणलो?" आणि जरा थांबून, "पण मालकाने जरा जास्ती द्यायला पाहिजे."

काका, तुमच्या चाळीस वर्षांच्या ऑडिटमध्ये इतका चोख शेरा पडला होता का कधी?

पण काका हरणारे नव्हेत. "ताई, तुम्ही सोयीचे कर निवडता. इन्कम टॅक्स घ्या. २०२५च्या बजेटपासून १२ लाखांपर्यंत शून्य. पगारदार असाल तर पावणेतेरा लाखांपर्यंत शून्य. ह्या गल्लीतल्या शंभरातल्या नव्वद घरांना आता दमडी लागत नाही. २४ लाखांच्या वर मात्र तीस टक्के, त्यावर अधिभार, त्यावर उपकर. आणि तुम्ही म्हणता श्रीमंत भरत नाहीत!"

हे नव्वद त्यांचं स्वतःचं, पण मुद्दा खरा. माझी एफडी आणि पेन्शन मिळूनही त्या रेषेच्या पुष्कळ खाली आहे. पंधरा एच फॉर्म भरून दिला की बँक टीडीएसही कापत नाही. मी ते कबूल केलं. मग म्हटलं, "काका, दोन माणसं घ्या. एकाला पगार वर्षाला १ कोटी. दुसरा नोकरी करत नाही, त्याने जुने शेअर विकले आणि त्याला फायदा झाला १ कोटी. दोघांचा कर काढा."

काकांना असलं गणित घातलं की ते देवाला विसरतात. ग्रिलमधून कॅल्क्युलेटरची टिकटिक ऐकू आली. खाली आम्ही तिघं वर बघत उभे. कावळ्याने ह्या वेळात एक पापड नेला.

"पगारवाला," काका म्हणाले, "नव्या पद्धतीत, सगळं धरून, एकोणतीस-साडेएकोणतीस लाख."

"आणि शेअरवाला?"

जरा वेळ शांतता. "लाँग टर्म असेल तर साडेबारा टक्के, पहिले सव्वा लाख माफ... चौदा लाखांच्या आत."

"निम्म्याहून कमी!" हे वहिनी ओरडल्या. टक्केवारीला घाबरणारी बाई, पण निम्मं म्हणजे काय ते तिला बरोबर कळतं.

"कंपनीने त्या नफ्यावर आधी कर भरलेला असतो," काकांनी सुरू केलं. "आणि जोखीम असते..."

"जोखीम वॉचमनला नसते? रात्री दोन वाजता गेटवर कोण उभं असतं?"

"आणि विकलेच नाहीत तर?" वहिनींनी विचारलं.

"कसला कर? विकले नाहीत तोवर फायदा कागदावर. माणूस गेला तर मुलांना जातात, तेव्हाही कर नाही."

मृत्युकर होता की एके काळी. काकांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज मऊ झाला, कारण चिंतामणराव देशमुख त्यांचं दैवत. चिंतामणराव अर्थमंत्री असताना १९५३ला तो कायदा आला. १९८५ला गेला. संपत्ती कर १९५७ला आला, तो २०१५च्या बजेटात जेटलींनी काढला, कारण वर्षाला हजार कोटींच्या आसपासच जमा होत होते आणि गोळा करण्याचा व्याप मोठा. त्याच्या जागी कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावला. ठीक. पुढे अधिभार चढत चढत सगळ्यात वरच्यांना ३७ टक्के झाला, आणि २०२३ला नव्या पद्धतीत २५वर आणला. शेवटच्या शंभर रुपयांवर पावणेत्रेचाळीस जात होते ते एकोणचाळीस झाले. पुन्हा छप्परच, इथे खाली आणलेलं.

"आणि उंच ठेवलं तेव्हा काय झालं तेही सांगा!" काका उसळले. "इंदिराबाईंच्या काळात, ७३-७४ला, वरच्या थराला ९७ रुपये ७५ पैसे कर होता शंभरावर. हातात सव्वादोन रुपये! पालखीवालांचं बजेटवरचं भाषण ऐकायला आम्ही ब्रेबॉर्नवर गेलो होतो, स्टेडियम भरलं होतं. तेवढा कर कुणी भरला? कुणी नाही. सगळा पैसा काळा झाला, आणि घर घेताना चेक किती आणि कॅश किती हा प्रश्न तिथून सुरू झाला."

आमच्या घराच्या वेळी हा प्रश्न आलाच नाही. बँकेचं कर्ज, बँकेचा चेक. काळं करायला आधी पांढरं असावं लागतं.

पण काकांचं म्हणणं मी सोडून देत नाही. पावणेअठ्ठ्याण्णव हा कर नव्हता, शिक्षा होती, आणि शिक्षा चुकवायला माणूस वाट शोधतोच. श्रीमंताला सोला असं मी कुठे म्हणते? मी म्हणते, त्याला पगारदाराच्या रांगेत उभं करा. विरार फास्टमध्ये फर्स्ट क्लासचा पास जास्त पैशांचा असतो की नाही? डबा थोडा बरा, म्हणून पैसे जास्त. कुणी भांडत नाही. इथे मात्र फर्स्ट क्लासवाल्याचा पास स्वस्त.

जीएसटीचं मी काढणारच नव्हते, पण वहिनींनी काढलं. पापडावर जीएसटी नाही हे वाक्य त्या गायत्री मंत्रासारखं म्हणतात. "आणि आता साबण, तेल, टूथपेस्टपण उतरली ना?" उतरली. २२ सप्टेंबर २०२५पासून अठराची पाच टक्के झाली. आठ वर्षं अठरा होती, तेव्हा दादांच्या मुलीच्या केसांच्या तेलावरही अठरा आणि मधुकुंजातल्या तेलावरही अठरा. ह्याच सगळ्या काळात कच्च्या हिऱ्यावर पाव टक्का. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे भाई बीकेसीत हिऱ्याच्या बाजारात जातात, त्यांनी मला एकदा समजावलं होतं की कच्चा हिरा इथे घडून परदेशी जातो, जास्त कर लावला तरी तो परतच द्यावा लागतो. बरोबर असेल. पण तेलावर अठरा लावताना कुणी एवढं समजावलं नव्हतं.

आणि घरपट्टी? मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२मध्ये मालमत्ता कर माफ झाला. माझं घर ४१० फूट, पण खाडीच्या अलीकडे. बिल आलंय, टीव्हीखाली ठेवलंय. त्यावर आज बोलत नाही, नाहीतर रात्र होईल.

दादा अजून उभेच होते. त्यांना गेटवर जायचं होतं, पण मुद्दा राहिला होता. "ताई, माझी पुतणी मॉलला आहे. अठरा हजार पगार. तिचे पीटी कापत नाहीत."

"बरोबर. बायकांना २५ हजारांपर्यंत माफ आहे. १ एप्रिल २०२३पासून."

"मग मी बायकोच्या नावानं ड्युटी करू का?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. सुनेच्या नावावरच्या घराची सल त्या एका वाक्यात विरली असावी, कारण त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

हसण्यावारी गेलं, पण ह्यातच उपाय आहे, आणि तो मला नीट सांगायचाय. वरची अडीच हजारांची मर्यादा हलवायची तर दिल्लीत घटना दुरुस्त करावी लागेल. ते कधी व्हायचं? पण खालची रेषा राज्याच्या हातात आहे. कोल्हापूरकडे कागल सोडून निपाणीत शिरा. कर्नाटकाने त्याच २०२३ साली २५ हजारांपर्यंतचा पगार माफ केला, सगळ्यांचा. बाई-पुरुष असं नाही. म्हणजे निपाणीत गेटवर उभ्या असलेल्या १४ हजारांच्या वॉचमनला शून्य, आणि थोड्याच मैलांवर कागलात उभ्या असलेल्याला अडीच हजार. सीमाप्रश्नावर आपण इतकी वर्षं बोलतोय. हा सीमाप्रश्न मुंबईला एका बजेटमध्ये सोडवता येईल. बायकांच्या बाबतीत सोडवलाच आहे.

"हे मात्र बरोबर," वरून काका म्हणाले. एवढं एकच वाक्य, पण त्यांच्याकडून आलेलं. मी बादलीवरून पडायची बाकी होते.

ज्यांच्या घरी पगाराची चिठ्ठी येते त्यांनी ह्या महिन्यात ती नीट बघा. पीटीच्या रकान्यात काय आहे ते बघा, आणि सोसायटीच्या वॉचमनला, डबेवाल्या पोराला, दुकानातल्या नोकराला विचारा, त्याच्या चिठ्ठीत काय आहे. निवडणुकीला दारात येणाऱ्याला नळाचं पाणी आणि रस्ते विचारतोच आपण, हेही विचारा.

वहिनींनी पापड गोळा केले. एक कमी होता, कावळ्याच्या नावावर गेला. माझ्या हातात त्यांनी आठ ठेवले, तळून बघा म्हणाल्या. सुनेलाही द्यायचेत म्हणाल्या. दादांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली आणि गेटकडे वळता वळता विचारलं, "पुढच्या महिन्याला किती कापतील?"

"दोनशे," मी म्हटलं.